किती एचपीची?

गेल्या रविवारी रात्री शेजारच्या अण्णांनी माझ्या दुर्बिणीचा फोकस अंगठ्यानं लावला. तीन आठवडे खपून मी तिथं मोटर बसवली होती. ती जागेवरच होती, वायरी लोंबत होत्या, लाल दिवे लुकलुकत होते. अण्णांनी डोळा लावला, "धूसर हाय की रं" म्हणाले, घुंडी धरून कचकन फिरवली आणि जाहीर केलं, "हे बघ. झालं की." गच्चीवर त्या वेळी गल्लीतली आठ माणसं गुरू बघायला आली होती. सोमवारी सकाळी दूध आणायला गेलो, तर बातमी माझ्याआधी डेअरीवर पोचलेली.

दुर्बीण लहान आहे. भिंग ८० मिलिमीटरचं, फोकल लांबी ४८० मिलिमीटर, म्हणजे भिंगाच्या सहापट, म्हणून एफ-६. फोकसर, म्हणजे फोकससाठी नळी आतबाहेर सरकवणारा भाग, क्रेफर्ड जातीचा. त्यात दाते नसतात. एक गुळगुळीत दांडी सरकत्या नळीला खालून दाबून धरते आणि वरच्या बाजूला चार बेअरिंगं असतात. सगळा कारभार घर्षणावर. आता मोटर कशाला, तर घुंडीला बोट लावलं की चित्र थरथरायला लागतं. दीडशे पट मोठं करून बघताना ती थरथर शमेपर्यंत तीन-चार सेकंद थांबायचं, मग कळतं की फोकस पुढं गेला. मागं आणायचा, परत थरथर. डोळ्यानं बघणाऱ्याचं भागतं, कारण डोळ्यातलं भिंग थोडंफार सांभाळून घेतं. कॅमेरा काहीही सांभाळून घेत नाही. एफ-६ ला फोकसची सूट, म्हणजे नळी जेवढी पुढंमागं झाली तरी चित्र चोख राहतं तेवढी जागा, सगळी मिळून साधारण ९७ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा. त्यात रात्री गारठा पडला की ॲल्युमिनियमची नळी आखडते. मीटरमागे दर अंशाला २३ मायक्रॉन. अर्ध्या मीटरच्या नळीला संध्याकाळपासून पहाटेपर्यंत दहा अंशांचा उतार मिळाला की ११५ मायक्रॉन गेले आणि सूट संपली. बेळगावात डिसेंबरमध्ये दहा अंशांचा उतार ही काही बातमी नव्हे.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं होतं. आदल्या आठवड्यात, गच्चीवर मोटर बसवत असतानाच.

अण्णांचं पूर्वी मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. खानापूरपासून चिकोडीपर्यंतच्या बोअरवेलच्या जळालेल्या मोटरी त्यांच्या हाताखालून गेल्यात. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं, हे त्यांना वासावरून कळायचं. त्यामुळं 'मोटर' हा शब्द ऐकल्यावर ते जिना चढून वर आले, यात माझीच चूक.

"काय करालास रं?"

"दुर्बिणीला मोटर बसवतोय, अण्णा."

"किती एचपीची?"

"हिला एचपी नसतो."

"मोटरला एचपी नसतोय? मग काय असतंय, जात?"

मी मोटर दाखवली. २८बीवायजे-४८. रुपयापेक्षा थोडी मोठी टिकली, कडेला निळी टोपी, पाच वायरी. अण्णांनी तळहातावर घेऊन वजन केलं. खाऊन बघतील असं वाटलं.

"व्होल्ट?"

"पाच."

"पाचशे?"

"पाचच."

पाच व्होल्ट आणि जेमतेम पाव अँपिअर, म्हणजे सव्वा वॅट. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. मी तोंडी हिशोब करून सांगितलं, एचपीचा सहाशेवा भाग.

अण्णा जरा वेळ गप्प. "म्हंजे घोडा न्हवं. घोड्याच्या शेपटीचा केस." मग चष्मा वर करून वायरी मोजल्या. "फेज किती?"

"चार."

हे सांगायला नको होतं. "चार? आरं, हितं शेताला तीन फेज दिवसभर मिळत न्हाईत, आणि तू चार फेज कुठनं आणलास?"

मी खुलासा केला. आत चार कॉइल असतात, त्यांना एकापाठोपाठ एक करंट दिला की मोटर पावलापावलानं फिरते. आतल्या गियरमुळं एका फेऱ्याला २,०४८ पावलं पडतात. निळी, गुलाबी, पिवळी, केशरी या चार टोकांच्या वायरी आणि लाल सामाईक. अण्णांना वायरिंगचं पटलं. न पटणारं पुढं होतं.

"पाणी किती मारती?"

"पाणी नाही, अण्णा. नळी सरकवते."

"किती?"

"एका पावलाला नऊ मायक्रॉन. केसाच्या जाडीचा सातवा-आठवा हिस्सा."

"आणि ते तुला डोळ्यानं दिसतंय?"

"नाही."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडं उत्तर होतं, ते पाच मिनिटांचं होतं, आणि अण्णा तोवर पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह तपासायला गेले होते.

नऊचा आकडा असा येतो. फोकसरची दांडी ६ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे घेर १८.८५ मिलिमीटर. त्याला २,०४८ नं भागा. ९७ मायक्रॉनच्या सुटीत अशी दहा पावलं मावतात आणि तेवढी पुरतात. नळीचा सगळा प्रवास ८० मिलिमीटर, तो साधारण ८,७०० पावलांचा, या टोकापासून त्या टोकाला वीसेक सेकंद. ज्यांच्या दांडीचा व्यास वेगळा त्यांनी आधी कॅलिपर लावून मोजावा. दुसऱ्याचा आकडा उचलून मोटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घालू नये.

बसवणं ऐकायला सोपं. एका बाजूची घुंडी काढायची. तिच्या बुडात छोटा ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा स्क्रू असतो, एम-३ असेल तर दीड मिलिमीटरची ॲलन की लागते, एम-४ असेल तर दोनची. मग उघड्या पडलेल्या दांडीला कपलर (दोन दांड्या जोडणारा तुकडा), कपलरला मोटर, आणि मोटरला धरायला एल आकाराची पट्टी. गोची कपलरपाशी होते. मोटरची दांडी ५ मिलिमीटर, फोकसरची ६. दुकानात मिळतो तो ५ बाय ८, कारण थ्री-डी प्रिंटरवाल्यांना तो लागतो आणि जग सध्या त्यांच्यासाठी चाललंय. 'सगळ्या दुर्बिणींना बसणारी' म्हणून मी जी पट्टी मागवली ती एकाही दुर्बिणीला बसेल असं वाटत नाही. तिची भोकं कुणी जेवल्यावर सुस्तीत पाडली असावीत. मागवताना फोनवरच्या बाईंनी आधी विचारलं होतं, "सर, बेळगाव महाराष्ट्र में आता है या कर्नाटक में?" मी म्हटलं, बाई, १९५६ पासून आम्हीही तेच विचारतोय, तुम्ही पिनकोड लिहा.

शेवटी कपलरच्या ८ च्या भोकात ६ ची दांडी बसवणारी छोटी नळी, म्हणजे बुश, करून घ्यायला उद्यमबागेतल्या कारखान्यांत गेलो. गाव फाउंड्रीचं आणि लेथचं, एक बुश मिळणार नाही असं होणार नाही. टर्नरनं माझं चित्र बघितलं. बाहेरून ८, आतून ६, लांबी १२ मिलिमीटर. "आगूदिल्ला," तो म्हणाला. का होत नाही विचारलं, तर म्हणे एवढ्या लहान जॉबला मशीन सेट करायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात हायड्रॉलिकचे दहा पार्ट निघतात. मग चहा झाला आणि मग झालं. त्यानं एक गोष्ट शहाण्यासारखी केली. बाहेरचा व्यास आणि आतलं भोक एकाच पकडीत काढलं, जॉब चकातून सोडलाच नाही. दोन पकडींत काढला असता तर भोक मध्यावर आलं नसतं, दांडी लंगडत फिरली असती आणि दर फेऱ्याला चित्र डुललं असतं. बुशला लांबीभर एक चीर पाडून घेतली, म्हणजे कपलरचा स्क्रू आवळल्यावर ती मिठी मारते. पैसे घेतले नाहीत. "पुढच्या वेळी क्वांटिटी घेऊन ये," म्हणाला.

पट्टी आवळताना घाई केली की वाट लागते. आधी सगळे स्क्रू सैल ठेवावेत, मोटर हातानं धरून दोन्ही दांड्या एका रेषेत आणाव्यात, मग थोडं थोडं करून आवळावं. प्रोग्रॅममध्येही एक खोडी आहे. ॲक्सेलस्टेपर लायब्ररी (अशा मोटरी चालवणारा तयार कोड) वापरली तर मोटरच्या पिना १-३-२-४ या क्रमानं द्यायच्या. १-२-३-४ दिल्या की मोटर जागच्या जागी थरथरते, देव अंगात आल्यासारखी, आणि सरकत काही नाही. हालचाल संपली की कॉइलचा करंट बंद करायचा, नाहीतर मोटर तापत बसते. फोकसरच्या खालचा लॉक स्क्रू सैल सोडायचा. तो आवळलेला असेल तर मोटर कुरकुरते आणि पावलं खाते. दाबाचा स्क्रू मात्र नीट आवळायचा, नाहीतर जड कॅमेरा लावून दुर्बीण डोक्यावर उभी धरली की नळी आपली आपण खाली घसरते. हे दोन स्क्रू शेजारी शेजारी असतात आणि अंधारात जुळे भाऊ वाटतात.

आणि बॅकलॅश. गियरच्या दात्यांमध्ये थोडी फट असते. दिशा बदलली की त्या फटीपुरती मोटर फिरते, आकडे पुढं सरकतात, पण नळी जागची हलत नाही. दोन्हीकडच्या दात्यांपैकी कुणीच त्या पट्ट्याला आपलं मानत नाही. इकडच्या माणसाला हे जास्त समजावून सांगावं लागत नाही. उपाय एकच, शेवटची सरक नेहमी एकाच दिशेनं घ्यायची, तीही वजनाच्या विरुद्ध. नळी आत ओढत फोकसवर यायचं. पुढं गेलात तर फटीपेक्षा जास्त मागं जाऊन परत त्याच दिशेनं या.

फोकस तपासायला बाख्तिनोव्ह मास्क लागतो. पावेल बाख्तिनोव्ह या रशियन माणसानं २००५ साली काढलेली जाळी. ती भिंगावर लावून ठळक ताऱ्याकडं बघितलं की तीन किरण दिसतात. मधला बरोबर मध्ये आला की फोकस लागला. तारा हवा, ग्रहावर चालत नाही. जाळी जाड कागदातून कापता येते, आणि घरातला सगळ्यात जाड कागद म्हणजे लग्नपत्रिका. रविवारी रात्री अण्णांनी ती उचलून टॉर्च मारला.

"ही आमच्या पुतण्याची पत्रिका न्हवं?"

होती. गणपती मी शाबूत ठेवला होता, पट्ट्या त्याच्या खालून सुरू होत होत्या. वधूचं नाव मात्र अर्धं गेलं होतं.

"जेवायला आला न्हाईस ते न्हाईस," अण्णा म्हणाले, "वर पत्रिका कापून दुर्बिणीला टोपडं केलास?"

मी रोहिणीच्या ताऱ्यावर फोकस घेऊन दुर्बीण गुरूकडं वळवली होती, पडद्यावर पावलांचा आकडा होता ४,२१२, चित्र चोख होतं. अण्णांना धूसर दिसलं, कारण त्यांनी चष्मा काढून डोळा लावला होता. त्यांच्या चष्म्याचा नंबर काढायचं काम माझ्या मोटरचं नव्हे. पण त्यांनी घुंडी फिरवली. मोटर आतल्या गियरमुळं उलटी सहजी फिरत नाही, तेव्हा जोर कुठं तरी जाणारच. तो कपलरच्या ग्रब स्क्रूवर गेला आणि दांडी बुशात गरकन फिरली. त्यांच्या डोळ्याला गुरू स्वच्छ झाला. बाकी सात जणांना धूसर. त्या सातांपैकी एकानंही तसं म्हटलं नाही! अण्णांनी लावलेला फोकस आहे म्हटल्यावर सगळे "वा, वा, चंद्रसुद्धा दिसालेत" म्हणत एकेक करून डोळा लावून गेले. मला राग आला तो याचा.

या मोटरला आपण कुठं आहोत ते कळत नाही. किती पावलं टाकली एवढंच ती मोजते. तेव्हा पडद्यावर ४,२१२ तसाच होता आणि नळी दुसरीकडंच. आता सगळं पहिल्यापासून. नळी पूर्ण आत, आकडा शून्य, मास्क, तारा. त्यात कोपऱ्यावर नवीन उभारलेला दिव्याचा खांब थेट माझ्या गच्चीत उजेड ओततो. कुठल्या खड्ड्यात पडू नये म्हणून लावलाय म्हणे. खड्डा बुजवला असता तर काय बिघडलं असतं?

आधी तो ग्रब स्क्रू आवळायला हवा. दीड मिलिमीटरची ॲलन की तीन दिवस सापडत नाहीये. काल संध्याकाळी कट्ट्यावर अण्णा बसले होते, डोळे मिटून, तल्लीन होऊन कान कोरत. हातात काहीतरी काळं, बारीक, टोकाला काटकोनात वाकलेलं होतं.