कुत्रा सूड म्हणून घरात शू करत नाही

‘शिकवलेला कुत्रा घरात शू करतो तो राग काढायला, त्याचं नाक त्यात घासा’ असा सल्ला सध्या फिरतोय. तो साफ चुकीचा आहे, आणि क्रूरही. खरी कारणं म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, किडनीचा आजार, स्टेरॉइडच्या गोळ्या, म्हातारपण, एकटं राहण्याची भीती. झोपून उठल्यावर अंथरूण ओलं दिसलं, तर ते त्याला कळलेलंही नसतं. नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये हे बरंच आढळतं आणि औषधाने बहुधा आटोक्यात येतं. म्हणून आधी डॉक्टरांकडून लघवी तपासून घ्या. पाणी मात्र तोडू नका! बाहेरच्या फेऱ्या वाढवा, बाहेर शू केली की तिथल्या तिथे शाबासकी द्या. घरातला डाग एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा. अमोनियावालं क्लीनर नको, त्याचा वास लघवीशी जुळतो.