देव किती वेळा आला, एवढंच मोजू नका

नेत्यांच्या भाषणांत 'देव' किती वेळा, 'धर्म' किती वेळा, असे आलेख सारखे बघण्यात येतात. बघून वाईट वाटतं. मेहनत खरी असते, पण ती अर्ध्यावर थांबलेली असते.

शब्दांची यादी दिली की संगणक इमानेइतबारे मोजतो. 'कामाचा श्रीगणेशा झाला', 'विरोधकांनी देव पाण्यात ठेवलेत', सगळं धार्मिक म्हणून जमा! हे निदान नंतर गाळता येतं. जे यादीत सापडतच नाही त्याचं काय? जानेवारी २००३ मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश अमेरिकी संसदेपुढे म्हणाले की अमेरिकी लोकांच्या चांगुलपणात, आदर्शवादात आणि श्रद्धेत 'वंडर-वर्किंग पॉवर', म्हणजे चमत्कार घडवणारी शक्ती आहे. अनेकांना ते नुसते छान शब्द वाटले असतील. चर्चमध्ये वाढलेल्याच्या कानाला मात्र ती जुन्या भजनातली ओळ लागते, आणि भजनात ही शक्ती येशूच्या रक्ताची आहे. भाषणात ती लोकांची झाली. माझ्या मते अभ्यासाचा विषय हा आहे, आणि तो शोधायला ती परंपरा ओळखणारा माणूसच लागतो.

उलटं उदाहरण अमेरिकेचा अध्यक्ष लिंकन याचं. ४ मार्च १८६५ चं भाषण जेमतेम सातशे शब्दांचं, त्यात देव पुन्हा पुन्हा येतो. नुसत्या आकड्यावरून वाटेल, देवाला आपल्या बाजूला ओढलंय. वाचा मग. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाला एकमेकांविरुद्ध साकडं घालतात, दोघांच्याही प्रार्थना फळणं शक्य नव्हतं, असं तो म्हणतो. युद्ध जिंकत आलेला माणूस हे बोलतोय!

म्हणून मी प्रत्येक शब्दाबरोबर मागची-पुढची दोन-दोन वाक्यं काढते. देव तिथे काय करतोय? आशीर्वाद देतोय, हुकूम सोडतोय, न्याय करतोय, की नुसता साक्षीला आहे? आणि कुणाच्या बाजूने?

हे एकट्याने ठरवू नये. मी आणि माझी मैत्रीण तेच उतारे वेगवेगळे तपासायला बसलो आणि 'जनतेचा आशीर्वाद' या दोन शब्दांवर अडलो. ती म्हणे धार्मिक, मी म्हणे मतं मागायची रीत. अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी नियम लिहिला: आशीर्वाद देणारा देव, संत किंवा धर्मगुरू असेल तर धार्मिक, जनता असेल तर वेगळा रकाना. दोघांची मतं योगायोगाने किती जुळली असती हे वजा करून खरी सहमती सांगणारा 'कोहेनचा कॅपा' हा आकडा १९६० पासून आहे. तो काढा आणि कमी आला तरी छापा. कुठे अडलं ते वाचणाऱ्याला कळायलाच हवं.

आणि फक्त छापील प्रतीवर विसंबू नका. नेता बोलता बोलता मसुदा सोडतो. घोषणा आधी त्याने दिली की गर्दीने, हे बहुतेक वेळा कागदावर उतरत नाही. आम्ही आता प्रत्येक उतारा व्हिडिओशी ताडून बघतो आणि गर्दीच्या आवाजासाठी एक रकाना मोकळा ठेवतो.