फोटो पाठवताय ना, मग सोबत दोन ओळी पण पाठवा

आज सकाळी एका जुन्या मित्राने फोटो पाठवला. खाली एवढंच, "कसा आलाय? स्पष्ट सांग." मी विचारलं, शटर किती होता (म्हणजे कॅमेऱ्याने प्रकाश किती वेळ आत घेतला), लेन्स कुठली, आणि तुला यात नेमकं दाखवायचं काय होतं? त्यावर उत्तर आलं, "फोटो बघून सांगता येत नसेल तर राहू दे." तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसले.

बघून सांगता येतं की! "मस्त" हे बघून सांगता येतं. "मला नाही भावला" हेही सांगता येतं. पण ती माझी आवड झाली. त्या आवडीने तुझा पुढचा फोटो तसूभरही सुधारणार नाही. स्पष्ट सांग म्हणायचं, आणि स्पष्ट सांगायला जे लागतं ते मागितलं की रागवायचं, हे कुठलं वागणं?

माझ्या भाचीचं सांगते. ती कॅमेरा शिकत होती तेव्हाची गोष्ट. नाचाच्या तालमीत तिने एका मुलीचा गिरकी घेतानाचा फोटो काढला. घेर पसरलेला, वाहता, पण चेहरा पुसट. तो तिने बऱ्याच जणांना दाखवला, "कसा वाटतो?" एवढंच विचारून. सगळ्यांचं एकच. ब्लर आहे, शटर वाढव, १/५०० वर ने, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावर. एकानेही विचारलं नाही की बाई, तुला काय हवं होतं?

पोरगी ऐकणारी. पुढच्या तालमीला १/५०० वर काढले. पहिला फोटो १/८ चा होता. आता १/८ वरून १/५०० म्हणजे सहा स्टॉप प्रकाश गेला, सहा वेळा निम्मा-निम्मा झाला. तो भरून काढायला एफ ४ वरून एफ १.८ पर्यंत लेन्स उघडली (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं), तरी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता, ८०० वरून १०,००० च्या आसपास चढवावा लागला. फोटो दाणेदार आले ते आलेच, वर ती मुलगी गिरकी घेतेय की एका पायावर नुसती उभी आहे तेच कळेना. घेर हवेत ताठ थांबलेला. "मावशी, सगळं शार्प आलंय, मग बघवत का नाही?" असं विचारलं तिने. तो आवाज माझ्या अजून कानात आहे. सल्ला देऊन मोकळे झालेल्यांपैकी कुणाला याचा पत्ताही नसेल.

मी तिच्याकडून पहिल्या फोटोची मूळ फाइल मागवली. ५० मिमी लेन्स, १/८, एफ ४, आयएसओ ८००, कॅमेरा हातात. मग विचारलं, "काय हवं होतं तुला?" ती चटकन म्हणाली, "चेहरा स्थिर आणि घेर वाहता. ती मान सगळ्यात शेवटी फिरवते ना, नजर समोरच ठेवते, तेवढा क्षण." म्हणजे तिच्या डोक्यात सगळं लख्ख होतं! फक्त कुणाला सांगितलेलं नव्हतं.

आणि मग खरा दोष सापडला. मागच्या भिंतीवर छोटे दिवे होते. फोटो मोठा करून बघितला तर प्रत्येक दिव्याचा ठिपका स्वल्पविरामासारखा ओढला गेलेला. सगळ्यांचं शेपूट एकाच बाजूला, एकाच लांबीचं. नुसती नाचणारी हलली असती तर भिंतीवरचे दिवे ठिपकेच राहिले असते. इथे कॅमेरा हलला होता, बटण दाबताना. म्हणजे शटर वाढवायची काही गरजच नव्हती. मंद शटर तर तिला हवाच होता. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवायचा, दोन सेकंदांचा टायमर या कामाला नको, रिमोट वापरायचा, आणि हवं तर एक हलका फ्लॅश रिअर कर्टनवर लावायचा, म्हणजे शटर मिटायच्या आधी शेवटी प्रकाश पडतो, चेहरा उमटतो आणि हालचालीची रेघ मागे राहते. तिला मिळालेल्या सल्ल्याच्या बरोब्बर उलट! दोष एकच, "ब्लर". पण हेतू कळला आणि उपाय फिरला.

म्हणून म्हणते, आकडे आणि हेतू, दोन्ही लागतात. नुसते आकडे दिलेत तरी मला १/८ वरून काय कळणार? चुकून राहिला की मुद्दाम ठेवला? नुसता हेतू सांगितलात तर तो का साधला नाही ते कळणार नाही.

दुसरं उदाहरण घ्या. सावलीत दाणे दिसतायत. आयएसओ ६४०० असेल तर मी म्हणेन, प्रकाश कमी होता, शटर थोडा मंद करता आला असता का बघ. पण आयएसओ २०० वर फोटो काळोखा काढून नंतर संगणकावर उजळलेला असेल तर? तर दाणे त्या उजळण्यातून वर आलेत, आणि आयएसओ कमी ठेवून वाचवायला गेलात तेच अंगाशी आलंय. दोन्ही फोटो दिसायला सारखे. मी काय अंदाजाने सांगू?

किंवा पोर्ट्रेट. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, ८५ मिमी लेन्स, एफ १.८, माणूस दीड मीटरवर. शार्प पट्टा जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटरचा. चेहरा जरा वळलेला असला की जवळचा डोळा कापल्यासारखा स्पष्ट आणि लांबचा मऊ. तुम्हाला एकाच डोळ्यावर नजर खिळवायची होती का? मग उत्तम आहे, हात लावू नका. दोन्ही डोळे हवे होते? मग एफ ४ वर जा, नाहीतर चेहरा सरळ करून घ्या. आता यातलं कुठलं उत्तर द्यायचं हे तुमच्याशिवाय कोण ठरवणार?

"चांगला फोटो स्वतः बोलतो," हे मला नेहमी ऐकवलं जातं. बरं, बोलतो. भिंतीवर लागला की त्याने एकट्यानेच बोलायला हवं, हे मान्य. छायाचित्रकार एर्न्स्ट हास यांनी १९५० च्या दशकात स्पेनमधल्या बैलझुंजीचे रंगीत फोटो मुद्दाम मंद शटरने काढले, माणूस आणि बैल रंगांत विरघळलेले, आणि त्यांना खाली शटरचा आकडा लिहायची गरज पडली नाही. पण ते फोटो पूर्ण झालेले होते हो! तुम्ही मला अजून सुधारायचं असलेलं काम दाखवताय, तेव्हा ते काम कसं केलंत हे लपवून कसं चालेल?

काही जण आकडे मुद्दाम लपवतात, कुणी कॉपी करेल म्हणून. तुमचा १/२५०, एफ ८ मी उचलला तरी तुमच्या जागेचा तो प्रकाश मला कुठून मिळणार? काही जण जसेच्या तसे आकडे उचलतात, तेही खरं आहे. उचलू देत.

पण लाजून न सांगणाऱ्यांवर माझा राग नाही. "एवढ्या आयएसओवर काढतं का कुणी?" असं एकदा चारचौघांत ऐकलेलं माणूस पुन्हा आकडे सांगेल कशाला? दोष त्या ऐकवणाऱ्याचा. भाचीनेही नंतर मला हेच सांगितलं, की १/८ वाचून लोक हसतील असं वाटलं. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. कारण तो १/८ तिने विचार करून निवडला होता, आणि त्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा तोच जास्त बरोबर होता.

तर कृपा करून एवढं करा. आकडे फाइलमध्येच असतात, फोनच्या फोटोतही असतात, शोधायला अर्धं मिनिट लागतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ती माहिती गळते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला की टिकते. मोड कुठला होता तेही सांगा. "ॲपर्चर प्रायॉरिटी होती, एफ मी ठरवला, शटर कॅमेऱ्याने निवडला," एवढ्यानेही निम्मं कोडं सुटतं. हातात होता की ट्रायपॉडवर, किती क्रॉप केला, नंतर किती उजळला, हे लिहा. आणि हेतू लिहिताना मोठं काही लिहायचं नाही. "घेर वाहता हवा होता" इतकंच. आणि हेतू मागाहून रचू नका. सहज आलं आणि आवडलं, असं असेल तर तसंच लिहा. मला तेही चालतं, त्यावरही बोलता येतं.

आणि सल्ला देणाऱ्यांनो, समोरच्याने नाही लिहिलं तर आधी विचारा. "शटर वाढव" टाइप करायला जितका वेळ लागतो तितकाच "काय हवं होतं?" ला लागतो.

माझ्याकडे तुमच्यापैकी तिघा-चौघांचे फोटो उत्तराविना पडून आहेत. दुर्लक्ष केलेलं नाही, मला सांगण्यासारखं काही सापडत नव्हतं. त्यांच्याखाली या दोन ओळी टाका. रविवारी दुपारी एकेक उघडून, मोठा करून, नीट बसून बघते.