शाळेच्या तपासणीचा शेरा पालकांनाही वाचू द्या

जूनच्या शेवटी आपल्या विदर्भातल्या शाळा उघडल्या की ओळखीच्या पालकांचे फोन सुरू होतात. कॉन्व्हेंटने फी वाढवली, साहेबांना सांगून कमी होईल का? अमक्या शाळेला मान्यताच नाही म्हणतात, खरं का? मानेवाड्याच्या एका ताईंनी तर सरळच विचारलं, "सर, तपासणीवाले येऊन राहिले, पाहून राहिले, जाऊन राहिले. पण त्यांच्या हातात काही आहे का नाही?" प्रश्न रास्त आहे. शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून माझी नोकरी याच नागपूर जिल्ह्यात गेली, म्हणून सविस्तर लिहितो. पोस्ट लांब होईल, पण पोरं शाळेत असतील तर शेवटपर्यंत वाचा.

आधी एक गोष्ट. अख्ख्या देशाच्या शाळा तपासणारा राष्ट्रीय निरीक्षक भारतात नाही. शिक्षण हा मुळात राज्यांचा विषय होता, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघंही त्यावर कायदे करू शकतात. केंद्राने २००९ साली शिक्षण हक्क कायदा केला, १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला, पण अंमलबजावणी राज्य सरकार आणि स्थानिक प्राधिकरणाकडेच ठेवली. कायदा नीट पाळला जातो का, हे बघायचं काम राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाकडे आहे. चौकशी करताना आयोगाला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात, म्हणजे समन्स काढणं, कागद मागवणं, प्रतिज्ञापत्रावर साक्ष घेणं. पण आयोग काही भिवापूरच्या शाळेत सकाळी साडेदहाला येऊन पोरं मोजणार नाही. ते काम आपल्याकडे केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी आणि वर शिक्षणाधिकारी करतात. शहरात महानगरपालिकेचे शाळा निरीक्षक. मुंबईत तर 'शिक्षण निरीक्षक' हे मोठं पद आहे, आपल्याकडच्या शिक्षणाधिकाऱ्याच्या तोडीचं.

आता हातात काय आहे ते बघू.

मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १८. चालवली तर एक लाखापर्यंत दंड, आणि त्यानंतरही चालूच ठेवली तर दर दिवसाला दहा हजारांपर्यंत. मान्यता मागताना शाळेने नमुना १ मध्ये स्वयंघोषणा द्यायची, अधिकाऱ्याने प्रत्यक्ष जाऊन खात्री करायची आणि मगच नमुना २ मध्ये प्रमाणपत्र मिळायचं. प्रवेश घेताना पालकांनी हे प्रमाणपत्र मागावं, त्यावरची मुदत बघावी. प्रवेशासाठी मुलाची चाचणी किंवा आईवडिलांची मुलाखत घेतली तर कलम १३ खाली पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत, नंतर प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत दंड. देणगी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. मारहाण आणि मानसिक छळ, दोन्हीला कलम १७ ने बंदी. मराठी शिकवत नाही म्हणणाऱ्या शाळेला २०२० च्या राज्य कायद्याने एक लाखापर्यंत दंड. ही सगळी कलमं जिवंत आहेत आणि पहिला अहवाल तपासणी करणाऱ्याचाच असतो. त्याने लिहिलं नाही, तर पुढे काहीच हलत नाही.

हातात काय नाही, तेही सांगतो, कारण इथे पालकांचा फार गैरसमज आहे. फी कमी करण्याचा अधिकार विस्तार अधिकाऱ्याला नाही, शिक्षणाधिकाऱ्यालाही एकट्याने नाही. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे शाळेचं व्यवस्थापन आणि पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती मिळून फी ठरवतात. ती समिती तुमच्या शाळेत चिठ्ठ्या टाकून निवडली जाते की मुख्याध्यापिका आपल्या ओळखीची नावं लिहितात, एवढं तपासलंत तरी अर्धी लढाई तिथेच कळेल. खाजगी शाळेतल्या शिक्षकाला तपासणारा अधिकारी काढू शकत नाही. ते काम व्यवस्थापनाचं, आणि तेही १९७७ च्या सेवाशर्ती कायद्याच्या चौकटीत. अन्याय झाला तर शिक्षक न्यायाधिकरणात जातो. मान्यतासुद्धा एका फटक्यात जात नाही. शाळेला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि मान्यता काढायच्या आदेशातच तिथल्या मुलांना जवळच्या कोणत्या शाळेत घ्यायचं ते लिहावं लागतं. ही तरतूद मला फार मोलाची वाटते. शाळा चुकली म्हणून पोरगं रस्त्यावर येता कामा नये, हे कायदा करणाऱ्यांना सुचलं.

बरं, चांगली तपासणी म्हणजे काय? बाहेरच्या माणसाला वाटतं रजिस्टर बघणं. रजिस्टर बघायचंच, पण ते शेवटी.

मी परिपाठाच्या आधी पोचायचा आग्रह धरायचो. फळ्याच्या कोपऱ्यात 'पट', म्हणजे नाव दाखल असलेली एकूण पोरं, आणि 'आजची उपस्थिती' लिहिलेली असते. पोरं अजून दप्तर टाकताहेत आणि उपस्थितीचा आकडा फळ्यावर आधीच तयार, असं दिसलं की त्या दिवशी काय काय बघायचं ते तिथेच ठरून जायचं. मग वर्गात मागच्या रांगेत बसायचं आणि वह्या घ्यायच्या. शिक्षकाने पुढे केलेल्या वह्या बाजूला ठेवायच्या, मागच्या पोराच्या दप्तरातली काढायची. एकदा एका शाळेत सगळ्या वह्यांवर महिनाभराच्या तारखा होत्या, पण लाल शाई एकच, अक्षराचा तिरकेपणा एकच आणि कुठल्याच चुकीच्या शब्दाखाली रेघ नाही. एका बैठकीत 'तपासलेल्या' वह्या अशाच दिसतात. तिसरीच्या पोरीला म्हटलं, बाळा, हा उतारा वाच. तिला पहिली ओळ येईना. तिच्या वहीत तोच उतारा वळणदार अक्षरात उतरवलेला होता आणि खाली 'छान' लिहिलेलं होतं.

मग पोषण आहार. पहिली ते पाचवीच्या मुलाला शंभर ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला दीडशे, हे प्रमाण शासनाने ठरवून दिलंय. वाढण्याआधी मोठ्या माणसांनी चव घ्यायची, त्यात एक शिक्षक हवाच. आता साठा रजिस्टरमधली शिल्लक वाचा आणि कोठीतली पोती मोजा. दोन्ही जुळलं तर बहुतेक बाकीची शाळाही ठीक असते. स्वच्छतागृहाची चावी मागा. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप आणि चावी मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये, हे मी नको इतक्या वेळा पाहिलं. शेवटी दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे शाळेत कोणाचं नाव कधी दाखल झालं आणि कधी कमी झालं त्याची नोंद. आपल्या भागात जातीच्या दाखल्यापासून पेन्शनपर्यंत लोकांचं आयुष्य त्या जुन्या रजिस्टरवर अडतं, आणि कित्येक शाळांत ते लोखंडी कपाटाच्या तळाशी वाळवी खात पडलेलं असतं.

इमारतीचं वेगळं सांगतो. तपासणी करणारा काही इंजिनीअर नसतो. पण कवेलूंचं छप्पर झुकलंय, भिंतीला हात जाईल एवढी भेग आहे, हे बघायला इंजिनीअर लागत नाही. अशा खोलीत वर्ग भरवू नका हे लेखी देणं आणि निर्लेखनाचा, म्हणजे ती खोली मोडीत काढायचा, प्रस्ताव पुढे गेला का ते विचारत राहणं, हे त्याचं काम आहे. २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यात शाळेचं छप्पर कोसळलं आणि सात मुलं गेली. २००४ साली तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागली, ९४ मुलं होरपळून मेली. त्यानंतर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित इमारतीत शिकणं हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. आपल्या जिल्ह्यात निर्लेखनाची फाइल किती टेबलांवरून फिरते हे ज्यांनी पाहिलंय त्यांना माझी तगमग कळेल.

मग एवढं सगळं असून तपासणी पोकळ का वाटते?

एक कारण जुनं आहे. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शाळा जिल्हा परिषदेची, शिक्षक जिल्हा परिषदेचा, तपासणाराही जिल्हा परिषदेचाच. आपल्याच घरातलं उणं लिहायला हात जड होतो, माणूस कितीही प्रामाणिक असला तरी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नेमकं हेच म्हटलंय, की शाळा चालवणं आणि शाळांचं नियमन करणं एकाच खात्याकडे असू नये. त्यासाठी राज्य शाळा मानक प्राधिकरण सुचवलंय आणि शाळांची मूलभूत माहिती जाहीरपणे सर्वांसमोर ठेवायला सांगितलंय. दुसरं कारण म्हणजे माणसंच नाहीत. एकेका विस्तार अधिकाऱ्याकडे दोन-दोन बीटचा, म्हणजे शाळांच्या दोन-दोन गटांचा, प्रभार, त्यात निवडणूक, त्यात ऑनलाइन माहिती 'आज पाच वाजेपर्यंत'. शाळेत जायचं कधी?

आणि हे आजचं दुखणं नाही. १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी प्राथमिक शाळांवरच्या देखरेखीवर बोट ठेवलं होतं. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येतो, त्याचा काही उपयोग होत नाही, निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, आणि मधूनमधून कळवल्याशिवाय यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. न कळवता! आणि आपण आजही तपासणीचं वेळापत्रक व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो. आदल्या दिवशी सडा-रांगोळी, स्वागतगीत, गुलाबाचं फूल. पोरांचा एक दिवस त्यात जातो.

ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, म्हणजे पटावरची पोरं खरंच आहेत का ते मोजलं, आठवत असेल. पोरांच्या बोटाला शाई लावली, एका पोराला दोन शाळांत मोजू नये म्हणून. नियमित, न कळवता भेटी झाल्या असत्या तर बोटाला शाई लावायची वेळ आली नसती असं माझं ठाम मत आहे. आणि २०२५ मध्ये आपल्याच नागपुरात शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं. बनावट मान्यतेच्या आधारे शिक्षकांची नावं शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत टाकून सरकारी तिजोरीतून पगार काढल्याचा आरोप आहे, उपसंचालक दर्जापर्यंत अटका झाल्या, विशेष तपास पथक नेमलं गेलं. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल. पण शाळेच्या दर्शनी भिंतीवर मान्य शिक्षकांची यादी, मान्यतेचा आदेश क्रमांक आणि तारीख लावलेली असती, तर गावातल्या चार शिकलेल्या पोरांनी केव्हाच प्रश्न विचारला असता.

म्हणून माझी मागणी एकच आहे. शेरा उघडा करा. तपासणी झाली की सात दिवसांत शेऱ्याची प्रत शाळेच्या फाटकाजवळच्या फलकावर लागली पाहिजे, आणि तीन महिन्यांनी 'पूर्तता झाली / नाही' हे त्याच कागदावर त्याच अधिकाऱ्याने लिहिलं पाहिजे. आज शेरेबुक मुख्याध्यापकांच्या कपाटात असतं, अहवाल पंचायत समितीच्या फाइलमध्ये, आणि ज्याचं पोरगं त्या वर्गात बसतं त्या बापाला काहीच माहीत नसतं.

काही शिक्षक मित्र म्हणतील, याने शाळेची बदनामी होईल. ही भीती मी हलकी मानत नाही. इंग्लंडमध्ये १९९२ पासून ऑफस्टेड ही संस्था शाळा तपासते. तिच्या निरीक्षकांना शाळेत जाण्याचा, कागद बघण्याचा कायदेशीर हक्क आहे आणि अहवाल जाहीर होतो. पण तिथे सबंध शाळेला एका शब्दात श्रेणी द्यायचे. एका शाळेची श्रेणी सर्वोच्चवरून एकदम तळाला गेली आणि २०२३ च्या जानेवारीत तिथल्या मुख्याध्यापिका रूथ पेरी यांनी आत्महत्या केली. तपासणीचाही त्यात वाटा होता, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांसाठी ती एका शब्दाची श्रेणी बंद झाली. म्हणून मी श्रेणी मागत नाही. शिक्षकाचं नाव घेऊन त्याला चव्हाट्यावर आणा असंही म्हणत नाही. 'तिसरीतल्या मुलांना उतारा वाचता येत नाही, दोन महिने रोज अर्धा तास वाचन घ्यावं, गणित पेटी वापरात नाही, स्वच्छतागृह उघडं ठेवावं' असा साधा, कामाचा शेरा हवा. असा शेरा चांगल्या शिक्षकाच्या बाजूनेही बोलतो. दोन शिक्षक, चार वर्ग आणि वर मतदारयाद्यांचं काम, हेही त्यात लिहून येईल आणि गाव त्याच्या मागे उभं राहील.

तोवर आपण काय करायचं? जिल्हा परिषद, मनपा किंवा अनुदानित शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, आणि समितीत निम्म्या महिला हव्यात. पुढच्या सभेत शेवटचा तपासणी शेरा वाचून दाखवा म्हणा आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या. विनाअनुदानित शाळेत ही समिती नसते, पण त्या शाळेच्या तपासणीचा अहवाल शिक्षण विभागाच्या कार्यालयात असतो. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. फाइल प्रत्यक्ष बघायचीही मागणी करता येते, हे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. मुलाच्या हक्काचं काही डावललं गेलं असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्या, तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, त्यावर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील. तोंडी सांगू नका. आवक क्रमांक घ्या.

शेरे फलकावर लावावेत असं निवेदन जिल्हा परिषदेला आणि महानगरपालिकेला द्यायचं मी ठरवलंय, मसुदा तयार आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी खाली कॉमेंटमध्ये फक्त आपला तालुका किंवा वॉर्ड लिहा. शिक्षक असाल तरी लिहा, तुमच्या सह्या मला जास्त हव्या आहेत.