‘सोळा कोटींत हजार मुलं’: हिशेब जरा नीट मांडू या

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परवा पुन्हा फिरला: ‘एका बाळाच्या इंजेक्शनला १६ कोटी? तेवढ्यात हजार गरीब मुलं वाचतील. सरकार देतंच की ५० लाख. दुर्मीळ आजाराला दान म्हणजे पाण्यात पैसे.’

१६ कोटींचा आकडा मलाही टोचतो, खोटं कशाला बोलू. पण ती किंमत एका औषधाची, एसएमए या स्नायू दुबळे करत नेणाऱ्या आनुवंशिक आजारावरच्या झोलजेन्स्माची. दुर्मीळ आजार हजारोंनी आहेत आणि त्यातल्या बहुतेकांवर औषधच नाही. जिथे आहे तिथे भाव उतरूही शकतो. टायरोसिनेमिया टाइप १ या यकृत बिघडवणाऱ्या दुर्मीळ आजारावरच्या निटिसिनोन या औषधाचा वर्षाचा खर्च २.२ कोटी होता. औषध भारतात बनू लागल्यावर, २०२३ मध्ये, तो अडीच लाखांवर आला. आपली गणपतीची वर्गणी याहून जास्त जमते!

सरकारच्या ५० लाखांचं म्हणाल, तर २०२१ च्या धोरणातली ही मदत २०२२ मध्ये तेवढी वाढली, हे खरं. पण ती यादीतल्या आजारांनाच, आणि ठरलेल्या केंद्रांतच मिळते (परळचं केईएम त्यातलं एक). गॉशर या दुर्मीळ आजाराच्या मुलाला दर पंधरा दिवसांनी, शरीरात कमी पडणाऱ्या एन्झाइमचं सलाइन लागतं, तेही जन्मभर. डोस वजनावर ठरतो. मूल वाढेल तसा खर्च वाढतो, म्हणजे ५० लाख कधीतरी संपतातच.

राहिलं ‘पाण्यात पैसे’. लातूरकडची एक बाई माझ्या ओळखीची. मुलाला एसएमए. त्याला खोकताच येत नाही, त्यामुळे साध्या सर्दीचा न्यूमोनिया होतो. ती त्याच्या नाकातोंडावर मास्क धरते, कफ काढायचं यंत्र हवा आत ढकलतं, झटक्यात बाहेर ओढतं. कफ वर आला की ती सक्शनच्या नळीने काढते, तोंड पुसते, पुन्हा मास्क. दिवसातून चार-पाचदा. मग पोर झोपतं. यंत्र पालकांच्या एका गटाने वापरायला दिलंय. त्याआधी ज्या घरात होतं, तिथे आता ते लागत नाही.

बाकी खर्च म्हणजे एसटीचं भाडं, फिजिओथेरपी, बुडालेली मजुरी. आणि पुढच्या गरोदरपणातली जनुकीय तपासणी, कारण दर खेपेला बाळाला हाच आजार असण्याचा धोका चारात एक. यातल्या कशालाच कोटी लागत नाहीत.

फसवणुकीची धास्ती असेल तर कुणाच्या खासगी खात्यात टाकूच नका, उपचार करणाऱ्या रुग्णालयाच्या खात्यात टाका.