पर्वतीच्या पायऱ्या आणि छातीतली धडधड: एका आक्षेपाला उत्तर

सस्नेह नमस्कार.

'मी रोज पहाटे पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढतो, वर पोहोचेपर्यंत छाती धडधडत असते, पण भीती कधीच वाटली नाही. मग हृदयाची गती भावना ठरवते हे आपले विधान कसे टिकते?' असे आपण माझ्या लिखाणाबद्दल विचारले आहे. आक्षेप रास्त आहे. 'ठरवते' हे क्रियापद चुकले, ते मी मागे घेतो. शरीरातले बदल जाणवणे म्हणजेच भावना, या मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांच्या सिद्धान्तावर शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२७ मध्ये असाच प्रश्न उपस्थित केला होता: भीती, राग, ताप, थंडी या सर्वांत शरीराच्या आत होणारे बदल जवळजवळ सारखेच असतील, तर त्यांतून निरनिराळ्या भावना कशा उपजणार?

तरीही हृदयाचा संबंध यामुळे संपत नाही. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी प्रकाशाच्या साहाय्याने उंदरांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ९०० पर्यंत नेले, तेव्हा धोका असलेल्या परिस्थितीतच ते अधिक बिचकू लागले, आणि मेंदूतील इन्सुला या भागाच्या मागच्या बाजूचे काम थोपवल्यावर ते बिचकणे कमी झाले. पर्वतीवर आपल्याला धडधडीचे कारण ठाऊक असते; तीच धडधड मध्यरात्री अचानक दार वाजल्यावर जाणवली, तर तिचा अर्थ वेगळा लागेल, असे मला वाटते.

शिवाय माझा मुख्य मुद्दा गतीचा नव्हता, एकाच ठोक्याच्या आतल्या क्षणाचा होता, आणि तो मला आजही तितकाच विलक्षण वाटतो. हृदय आकुंचन पावून रक्त बाहेर लोटते, तेव्हा महाधमनीतील आणि मानेच्या धमन्यांतील दाब ओळखणारे मज्जातंतू मेंदूला संदेश पाठवतात; २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गारफिंकेल, क्रिचली आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत याच क्षणी दाखवलेले भेदरलेले चेहरे लोकांना अधिक सहज ओळखता आले आणि अधिक तीव्रही वाटले. ठोक्यांमधल्या विसाव्यात दाखवलेल्या तशाच चेहऱ्यांचा परिणाम सौम्य होता. पायऱ्या चढण्याच्या अनुभवाने हे निरीक्षण खोटे ठरत नाही, कारण येथे प्रश्न भीती निर्माण होण्याचा नसून समोरची भीती टिपण्याचा आहे.

श्वासाबाबतच्या माझ्या वाक्यावर आक्षेप घेताना मात्र आपण मला योग्य जागी पकडले. क्रिस्टिना झेलानो आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासात नाकाने श्वास आत घेताना भेदरलेले चेहरे अधिक लवकर ओळखले गेले, तोंडाने श्वास घेताना तो फरक उरला नाही. त्यावरून 'संथ प्राणायामाने मन शांत होते हे सिद्ध झाले' असे मी लिहायला नको होते. त्या प्रयोगात संथ श्वसन तपासलेलेच नव्हते. ते वाक्य मी काढले आहे, आणि आपली संमती असल्यास पर्वतीचे उदाहरण त्या जागी घालीन.