लंगोटाचा पक्का

ही पोस्ट टाकायच्या आधी घरात वाचून दाखवली. सौ. चष्मा पुसत म्हणाली, "शुद्धलेखन तेवढं बघा, बाकी खरं हाय." ही परवानगी समजतो. पोरं पुण्यात असतात, तीही वाचतील. वाचू देत.

वय ५८. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर काढली. शुगर ११ वर्षांची, तंबाखू त्याच्याही आधीची. पाचेक वर्षांपूर्वी ताठरता कमी व्हायला लागली. आधी कधीमधी, मग वरचेवर, मग मी त्या वाटेला जायचंच सोडलं. हे एवढं लिहायला अर्धा तास गेला.

कारण तालीम. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधलं त्या गावचे आम्ही. वस्तादांच्या तोंडी सगळ्यात मोठं कौतुक एकच, "पोरगं लंगोटाचं पक्कं आहे." चाळीस थेंब रक्ताचा वीर्याचा एक थेंब होतो, हे आम्ही पाढ्यांसारखं पाठ केलेलं. (विज्ञानात याला काडीचा आधार नाही.) लंगोट बांधायला सगळ्यांनी शिकवलं, सोडल्यावर काय करायचं ते कुणीच नाही. मग लग्नानंतरही डोक्यात कुस्तीच. ताठ झालं की जिंकलो, नाही झालं की पाठ लागली.

पाठ लागलेला पैलवान जसा मैदानाच्या मागच्या बाजूनं घरी जातो, तसा मी घरातच वागायला लागलो. जेवण झालं की "जरा फिरून येतो" म्हणून रंकाळ्यावर. ती झोपली असेल असा अंदाज घेऊनच परत. पुढं पुढं तिच्या खांद्यावर हात ठेवायचंही बंद केलं. हात ठेवला तर पुढचं आलंच, आणि पुढचं आपल्याकडं नाही, मग हातच कशाला ठेवा? एक गोष्ट बिघडली होती, मी सगळंच बंद करून टाकलं. शहाणपणा बघा.

मधे एक पुडीवालाही झाला. हायवेकडेला तंबू, बाहेर बरण्यांत मुळ्या, "शिलाजीत, एक महिन्यात फरक". १८०० रुपये दिले. डोकं मात्र असं दुखायचं की भिंतीला टेकून बसावं. नंतर कळलं की असल्या 'शुद्ध आयुर्वेदिक' मालात इंग्रजी औषध, सिल्डेनाफिल, कुटून घातलेलं अनेकदा सापडलेलं आहे. माझ्या पुडीत काय होतं देव जाणे. पण छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्यानं ते खाल्लं, तर बीपी धाडकन खाली येऊन जिवावर बेतू शकतं.

शेवटी शुगरच्या डॉक्टरीणबाईंनीच विचारलं, "संबंध ठेवताना काही अडचण येते का?" मी खोकलो. पोरीच्या वयाची बाई! त्या कागदावर लिहीत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "काका, पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते का?" पहाटेची असेल तर बहुतेक डोक्यातल्या धास्तीचं काम, तीही नसेल तर रक्तवाहिन्या आणि नसा तपासायला हव्यात. माझी तीही नव्हती. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ९.४ टक्के, म्हणजे बरीच जास्त निघाली.

त्यांनी चित्र काढलं आणि मला हसू आलं. हे तर आपलं हायड्रॉलिक! नसांकडून इशारा येतो, रोहिण्या सैल होतात, स्पंजासारख्या भागात रक्त भरतं, आणि भरलेला भागच बाहेर जाणाऱ्या शिरा दाबून धरतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच म्हणा की. शुगर आणि तंबाखू आतला पाइप खराब करतात. तिथली रोहिणी १ ते २ मिलिमीटरची, हृदयाची ३ ते ४. गाळ आधी बारक्या पाइपात अडकणार, हे कुठलाही फिटर सांगेल. म्हणून कित्येकांना ही अडचण हृदयाच्या त्रासाच्या दोन-पाच वर्षं आधी दिसते. मलाही ट्रेडमिलवर पळवलं आणि कोलेस्ट्रॉलची गोळी सुरू झाली. लाजत बसलो असतो तर?

निळी गोळीही आहे, म्हणजे तेच सिल्डेनाफिल. १९९८ पासून बाजारात, मुळात छातीच्या दुखण्यावर म्हणून तपासत होते. मी कधीमधी घेतो, डॉक्टरांना विचारूनच. मनात इच्छा आणि जवळ स्पर्श नसेल तर ती नुसती पोटात पडून राहते. प्रत्येक वेळी चालतेच असंही नाही.

त्या दिवशी डॉक्टरीणबाई आणखी एक बोलल्या, ते मला आधी पटलंच नाही. ताठरता, वीर्य येणं आणि सुखाचा तो कळस, ही तीन वेगळी कामं आहेत. नसांच्या वाटाही वेगळ्या. पुरती ताठरता नसतानाही कळस येऊ शकतो. साठीकडं जाताना बघण्या-विचारण्यानं काम भागत नाही, थेट स्पर्श लागतो, जास्त वेळ लागतो. हे सगळं मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळतंय!

घरी येऊन सगळं सौ.ला सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मला वाटलं, माझी पिशवी काढली म्हणून तुम्हाला मी नको झाले." पाच वर्षं ही बाई असं समजून शेजारी झोपत होती. वर, तिलाही कोरडेपणामुळं दुखायचं, ते तिनं कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे मी ज्याला हरलेली कुस्ती समजत होतो, ती तिला तशीही नकोच होती. तिला हवा होता हात.

तिथनं सुरुवात झाली. तिच्या गुडघ्यांना तेल लावायला लागलो. मग पाठीला. मग ती माझ्या. आज 'ते' करायचं नाही असं आधीच ठरवलं की अंगातली धास्ती जाते, आणि मग कधी कधी नको म्हटलेलं आपणहून येतं. नाही आलं तरी हातानं, तोंडानं, नुसतं बिलगून, जे होतं ते होतं. तिच्यासाठी औषधाच्या दुकानातून जेल आणलं. लाज वाटली, पण दुकानदारानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. आतापर्यंतच्या सगळ्या संसारात एवढं निवांत कधी नव्हतो. तरुणपणी आम्ही काय घाई करायचो, आठवलं की आता दोघंही हसतो.

मिसळीच्या टेबलावर दोस्त विचारतात, "काय भावा, गाडी चालू हाय न्हवं?" आणि सगळे हसतात. त्या हसण्यातले निम्मे तरी घरी माझ्यासारखेच उशिरा जात असतील. संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे वाचकांच्या असल्याच प्रश्नांना आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात उत्तरं देत होते, म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला चालला. डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले. त्याला नव्वद वर्षं झाली आणि आम्ही अजून गाडीवरच अडकलोय.

कमेंटमध्ये कुणाला खिदळायचं असेल तर खिदळा. इनबॉक्समध्ये विचारायचं असेल तर तिथं विचारा, पण पुडीचा पत्ता मागू नका. उत्तर उद्या देतो, आता गॅसवर तेल कोमट करायला ठेवलंय आणि आतनं हाक आलीय.